काळ्या पडद्याची भीती दाखवू नका

हजारो फाइली एकदम हाताळायची वेळ आली की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात. एक जण सांगतो, कमांड लाइन हे इंजिनिअर लोकांचं काम. साध्या माणसाने त्या काळ्या पडद्याच्या वाटेला जाऊ नये, एक अक्षर चुकलं तर सगळं गेलं. दुसरा सांगतो, एका ओळीची तर कमांड आहे, मी पाठवतो, चिकटव आणि एंटर दाब. हल्ली तिसरा आलाय, तो म्हणतो सगळं एआयवर सोपव. सल्ले वेगळे, पण एका मुद्द्यावर तिघांचं एकमत आहे: ज्याच्या फाइली आहेत त्याने स्वतःचं टूल बांधायची काही गरज नाही. मला हे साफ अमान्य आहे. जुन्या अंकांचे स्कॅन सांभाळणारा ग्रंथपाल, शाळेचे दाखले पीडीएफ करून ठेवणारा लिपिक, हंगामात डझनावारी लग्नं करणारा फोटोग्राफर, यांनी आपल्या कामापुरतं एक छोटं टूल स्वतः बांधावं. त्यांना ते जमतं आणि त्यात त्यांच्या फाइली जास्त सुरक्षित राहतात.

भीतीपासून सुरुवात करतो, कारण ती निराधार नाही. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या ‘स्टीम’ या गेमिंग प्रणालीच्या एका स्क्रिप्टने एका वापरकर्त्याच्या सगळ्या फाइली पुसून टाकल्याची तक्रार जाहीर झाली. संगणकाला जोडलेली बॅकअपची हार्ड डिस्कही त्यात गेली होती. कारण अगदी क्षुल्लक होतं. स्टीमचं फोल्डर कुठे आहे ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचं आणि त्या फोल्डरातलं सगळं पुसायचं, अशी ती ओळ होती. फोल्डर जागेवरून हलवलेलं असल्यामुळे व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि ‘या फोल्डरातलं सगळं’ याचा अर्थ ‘मुळापासून सगळं’ असा झाला. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने स्वतःच ‘भीतीदायक’ अशा अर्थाची टीप टाकून ठेवली होती! त्याआधी 2011 मध्ये ‘बंबलबी’ या लिनक्सच्या ग्राफिक्स प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये पत्त्याच्या मधोमध एक मोकळी जागा सुटली आणि एका उपफोल्डराऐवजी अख्खं ‘यूएसआर’ फोल्डर पुसण्याच्या यादीत गेलं.

असे दाखले देऊन ‘म्हणून दूर राहा’ असं सांगितलं जातं. दाखले खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी त्या स्क्रिप्टी लिहिलेल्या नव्हत्या, वाचलेल्याही नव्हत्या. काय पुसणार हे त्या स्क्रिप्टींनी आधी दाखवलं नाही, व्हेरिएबल रिकामं आहे का हे पाहिलं नाही, पुसण्याऐवजी बाजूला ठेवलं नाही. दोष काळ्या पडद्याचा नव्हता. न दाखवता, न विचारता आणि मागे नोंद न ठेवता काम करण्याचा होता. आणि हा दोष माउसच्या जगात काही कमी नाही.

विंडोजमध्ये आठशे फोटो निवडून एफ-टू दाबा आणि ‘लग्न’ असं टाइप करा. सगळ्या फाइली ‘लग्न (1)’, ‘लग्न (2)’ अशा होतात. कॅमेऱ्याने दिलेला मूळ क्रमांक गेला. अल्बमसाठी ग्राहकाने जुन्या क्रमांकांवरून केलेली निवडीची यादी निरुपयोगी झाली. लगेच कंट्रोल-झेड दाबलं तर नावं परत येतात, पण आठवड्याने लक्षात आलं तर जुनी नावं कुठेच लिहिलेली नसतात. माउसने ओढताना एखादं फोल्डर शेजारच्या फोल्डरात पडतं, ते कळतसुद्धा नाही. यातलं काहीही कोणी ‘धोकादायक’ म्हणत नाही, कारण तिथे चित्रं असतात आणि पडदा पांढरा असतो.

खरा धोका कुठे असतो ते एकदा नीट पाहू. फाइलचं नाव बदलणं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला केलेली एक विनंती. लिनक्स आणि मॅकवर त्या नावाची फाइल आधीपासून असेल, तर ही विनंती जुनी फाइल मुकाट्याने नाहीशी करते आणि तिच्या जागी नवी बसवते. कचरापेटीत काही जात नाही, सूचना येत नाही. पायथन भाषेतली नाव बदलायची साधी आज्ञाही तिथे हेच करते. विंडोजवर मात्र तीच आज्ञा ‘फाइल आधीच आहे’ म्हणून अडते. म्हणजे एकच दहा ओळींची स्क्रिप्ट एका संगणकावर निरुपद्रवी आणि दुसऱ्यावर घातक असू शकते. हे एकदा कळलं की टूल कसं बांधायचं हे जवळजवळ आपोआप ठरतं.

फोटोग्राफरचं उदाहरण घेऊ. डिजिटल कॅमेऱ्यातल्या फाइलच्या नावात चार अक्षरं आणि चार अंक असतात. अंक 9999 ला पोचले की पुन्हा 0001 पासून सुरुवात. लग्नात एकाच कंपनीचे दोन कॅमेरे चालतात, दोन्हींत ‘डीएससी_0417’ असते: एकात हळद, दुसऱ्यात वरात. दोन्ही कार्डं एका फोल्डरात ओतणारी निष्काळजी स्क्रिप्ट हळदीवर वरात चढवते आणि कुणाला पत्ता लागत नाही. कार्ड तोवर फॉरमॅट झालेलं असतं. एका घरची हळद पुन्हा होणार नसते. अशा नुकसानीला ‘तांत्रिक चूक’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

म्हणून टूल दोन टप्प्यांत बांधायचं. आपल्या कार्यालयांत आधी टिपणी लिहितात, साहेबांची मंजुरी होते, मग आदेश निघतो, इथेही तसंच. पहिल्या टप्प्यात टूल कशालाही हात लावत नाही. फोल्डर वाचतं आणि एक यादी लिहितं: जुनं नाव, नवं नाव. मग त्या यादीची स्वतःच तपासणी करतं. दोन जुन्या फाइलींना एकच नवं नाव मिळतंय का? नव्या नावाची फाइल आधीच तिथे आहे का? फक्त इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचाच फरक आहे का? (विंडोजला आणि मॅकला सहसा तो फरक वाटत नाही, लिनक्सला वाटतो.) एक जरी अडचण सापडली, तरी अख्खं काम थांबायला हवं. ‘त्या तीन सोडून बाकीच्या करतो’ असली मुभा टूलला देऊ नये, कारण अर्धवट बदललेलं फोल्डर निस्तरणं सगळ्यात कठीण. दुसऱ्या टप्प्यात माणसाने पाहिलेली तीच यादी टूलच्या हाती द्यायची आणि त्याने तेवढंच करायचं, एक अक्षर जास्त नाही.

ही यादी पडद्यावर छापण्यापेक्षा सीएसव्ही फाइलमध्ये लिहावी, असा माझा आग्रह आहे. विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीत देवनागरी जोडाक्षरं मोडून दिसतात. एक्सेलमध्ये ती नीट दिसतात आणि लिपिकाची नजर एक्सेलला सरावलेली असते. मात्र पायथनमधून ती फाइल लिहिताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ असं द्यायचं. साधं ‘यूटीएफ-8’ दिलं तर डबल क्लिक केल्यावर एक्सेल देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हं दाखवण्याची दाट शक्यता असते आणि माणूस घाबरून टूलच सोडून देतो. आणखी एक: दाखल क्रमांक ‘0012’ असा सुटा लिहिला तर एक्सेल त्याचं ‘12’ करतं. एक्स्टेन्शनसह पूर्ण नाव लिहिलं तर शून्यं जागेवर राहतात. एवढ्याशा गोष्टींवर असं टूल वापरात टिकतं किंवा पडून राहतं.

नावांची अदलाबदल असेल तर अजून एक पेच आहे. पान 1 चं 2 करायचं, 2 चं 3, 3 चं 4. पहिल्यापासून सुरू केलं तर पहिलीच फाइल दुसरीवर चढते. उपाय सोपा आहे: आधी सगळ्यांना तात्पुरती, कुठेही नसतील अशी नावं द्यायची, मग अंतिम नावं. पायथनमध्ये या सगळ्याला शंभर-दीडशे ओळी पुरतात आणि त्यातली प्रत्येक ओळ वाचून समजते.

आता एका ओळीवाल्या तज्ज्ञांकडे वळतो. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहातून 1973 मध्ये युनिक्समध्ये पाइप आला आणि लहान टूलं एकमेकांना जोडायची जी पद्धत रुजली, तिच्यावर आजही जगातले सर्व्हर चालतात. पण तज्ज्ञाने फोनवर पाठवलेली एक ओळ आणि आपलं टूल यांत महत्त्वाचा फरक आहे. ती ओळ फाइलींच्या नावांत मोकळी जागा नसेल असं बहुधा गृहीत धरते. आपल्याकडचं फोल्डर ‘आजोबांची कागदपत्रं जुनी’ या नावाचं असतं. लिनक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून काहीही येऊ शकतं, अगदी नवी ओळसुद्धा, आणि नावाची सुरुवात वजाच्या चिन्हाने असेल तर कमांडला ते नाव न वाटता सूचना वाटते. ‘रिनेम’ या एकाच नावाच्या दोन वेगळ्या कमांड वेगवेगळ्या लिनक्समध्ये मिळतात: एक लॅरी वॉल यांच्या पर्लमधल्या स्क्रिप्टवरून आलेली, दुसरी युटिल-लिनक्समधली. त्यांना सूचना द्यायची रीतच वेगळी आहे. मित्राच्या संगणकावर चाललेली ओळ तुमच्या संगणकावर दुसरंच काही असू शकते. तज्ज्ञाला हे ठाऊक असतं, पण ज्याला ओळ पाठवली त्याला नसतं. पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा आलं की ती ओळ गप्पांच्या ढिगात कुठेतरी हरवलेली असते.

पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप मराठीशी संबंधित आहे आणि यावर तिन्ही सल्लागार गप्प असतात.

एकाच फोल्डरात ‘दौऱ्याचे फोटो’ या नावाच्या दोन फाइली दिसल्या आहेत कधी? एक्स्टेन्शन तेच, अक्षर न् अक्षर तेच. हे शक्य आहे, कारण ‘ऱ्य’ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आहे; ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही तोच बनतो; आणि ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह असं टाकूनही तसाच ‘ऱ्य’ पडद्यावर उमटतो. डोळ्याला तिन्ही एक, संगणकाला तीन वेगळी नावं. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक होतात आणि पायथनबरोबर येणारं ‘युनिकोडडेटा’ ते एका ओळीत करून देतं. तिसरी मात्र प्रमाणीकरणाने सुद्धा जुळत नाही. ती आपल्याला वेगळी सांगावी लागते. ‘ॲड.’ मधल्या ‘ॲ’चं तेच: त्यासाठी स्वतंत्र चिन्ह आहे, पण पुष्कळ ठिकाणी ‘अ’वर चंद्र देऊन तो लिहिलेला सापडतो. ‘कऱ्हाड’ शोधल्यावर निम्म्या फाइली सापडत नाहीत, त्याचं कारण हे असू शकतं. बाहेर तयार झालेल्या टूलच्या कर्त्याने ‘ऱ’चा विचार केला असेल अशी अपेक्षा ठेवणंच चूक आहे. तो विचार आपल्यालाच करावा लागणार. आपल्या टूलमध्ये त्याला पाच-सहा ओळी लागतात.

लांबीचंही तसंच. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला 255 बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे जास्तीत जास्त 85 चिन्हं, आणि त्यात काना, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द आपण सहा अक्षरांचा मानतो. त्यात चिन्हं अकरा, बाइट तेहतीस. विंडोज हा हिशेब वेगळ्या पद्धतीने करतं, तिथे लांब नाव चालून जातं. म्हणून विंडोजवर सुखाने राहिलेलं ठरावाचं लांबलचक नाव लिनक्सवर चालणाऱ्या बॅकअपच्या यंत्रात जाताना अडतं आणि ती एकच फाइल मागे राहते. आपलं टूल यादी बनवतानाच बाइट मोजू शकतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: फाइलींची नावं इंग्रजीत ठेवा, कटकट मिटेल. हे उत्तर मी स्वीकारत नाही. ज्या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक मराठी आहे, त्याची फाइल मराठीत शोधता यायला हवी. रोमन लिपीत एकच लेखक चार स्पेलिंगांनी लिहिला जातो आणि गोंधळ उलट वाढतो. संगणकाला मराठी हाताळता येते. हाताळायला सांगणारं कोणीतरी लागतं, आणि ते सांगणं म्हणजेच हे टूल. पायथनला तर ‘१२’ हा देवनागरी आकडा दिला तरी तो त्याला बारा म्हणूनच वाचतो. म्हणजे ‘पान १०’ हे ‘पान २’च्या आधी लागण्याचा जुना त्रास दोन्ही लिप्यांतल्या आकड्यांसाठी एकाच युक्तीने मिटतो: आकडा ओळखा, पुढे शून्यं लावून तो चार अंकी करा.

राहिला एआय. तो अशा स्क्रिप्टी चांगल्या लिहितो हे मान्य आहे आणि शिकणाऱ्याने त्याची मदत जरूर घ्यावी. पण स्क्रिप्ट लिहून घेणं वेगळं आणि फोल्डरच त्याच्या हवाली करणं वेगळं. जुलै 2025 मध्ये रेप्लिट कंपनीच्या एआय सहायकाने, कुठलेही बदल करू नकोस असं बजावलेलं असताना, एका व्यवसायाचा चालू डेटाबेस पुसला. कंपनीच्या प्रमुखांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. फाइलींच्या कामातला असाच एक सापळा सांगतो. एकेक फाइल उचलून ‘निवडक’ फोल्डरात हलवायची आहे, पण ते फोल्डर तयारच झालेलं नाही. लिनक्स आणि मॅकवरची फाइल हलवायची ‘एमव्ही’ ही कमांड तेव्हा तक्रार करत नाही. पहिल्या फाइलचंच नाव ‘निवडक’ करते. दुसरी फाइल आली की तिचंही नाव ‘निवडक’, आणि पहिली गेली. पाचशे फाइलींच्या शेवटी एकच उरते. फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली असती तर कमांड तिथेच अडली असती. एवढ्या एका चिन्हाचं महत्त्व ज्याला ठाऊक आहे तोच एआयने लिहिलेलं तपासू शकतो, आणि ते ठाऊक होतं स्वतः बांधल्यावरच. शिवाय टूल आज जे करतं तेच पुढच्या वर्षी करेल. तीच विनंती एआयला दोनदा केली तर दोन्ही वेळा तोच निर्णय मिळेल याची खात्री देता येत नाही.

तयार ॲपांना माझा विरोध नाही. एकदाच करायचं काम असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं पॉवररिनेम वापरावं. ते बदल आधी दाखवतं. फोटो कधी काढला ते वाचायला फिल हार्वे यांच्या एक्झिफटूलइतकं खात्रीचं दुसरं काही मला माहीत नाही, आणि आपल्या टूलने ते काम त्याच्याकडूनच करून घ्यावं. अडतं ते पुढे: दाखल नोंदवहीतला क्रमांक, लेखक आणि वर्ष जोडून नाव बनवायचं असेल तर ती नोंदवही तुमची असते, तिचे रकाने तुमचे असतात. तो नियम फक्त तुम्हालाच लिहिता येतो.

दोन गोष्टींवर मी तडजोड करणार नाही. पहिली म्हणजे नोंद. प्रत्येक नाव बदलण्याच्या आधी जुनं आणि नवं नाव एका फाइलमध्ये लिहावं आणि ते लगेच डिस्कवर उतरवावं, काम संपेपर्यंत थांबू नये. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. मधेच दिवे गेले तर कुठपर्यंत आलो होतो ते त्या नोंदीवरूनच कळणार. तीच नोंद शेवटाकडून सुरुवातीकडे वाचली की सगळं पूर्ववत होतं. दुसरी गोष्ट: टूलला पुसण्याची आज्ञाच देऊ नये. एकसारख्या फाइली शोधायच्या तर आधी आकार जुळवावा, मग फाइलच्या आशयावरून निघणारा एसएचए-256 चा ठसा जुळवावा, आणि जादा प्रत वेगळ्या फोल्डरात हलवून ठेवावी. पुसायचं की नाही ते माणूस ठरवेल. व्हॉट्सॲपवरून आलेली फोटोची प्रत या तपासणीत मूळ फोटोशी जुळत नाही, कारण व्हॉट्सॲप नेहमीच्या पाठवणीत फोटो लहान करतं. काहींना ती उणीव वाटते. मला तसंच असायला हवं वाटतं: मूळ फोटो आणि लहान केलेली प्रत एकच समजून त्यातली एक हटवणारं टूल घरात नको.

शेवटी, हे टूल कुणाच्या हाती जायला हवं ते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली मान्यता मिळालेली हजारो वाचनालयं राज्यात आहेत आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी जुने अंक, हस्तलिखितं, इतिवृत्तं फोनने किंवा स्कॅनरने टिपून ठेवली जात आहेत. ते काम करणारी माणसं कष्टाळू आहेत. त्यांना ‘हे तुमचं काम नाही’ असं सांगणं थांबवा. संगणकाचे वर्ग घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे: वर्ड, एक्सेल शिकवून झालं की चार तास या टूलला द्या. आणि वाचकहो, तुमच्याकडे असं फोल्डर असेल तर त्याची आधी एक प्रत काढा, पायथन बसवा आणि त्या प्रतीवर फक्त पहिला टप्पा चालवा. यादी एक्सेलमध्ये उघडून वाचा. मूळ फोल्डराला तोवर कशाचाही हात लागलेला नसेल.